सभागृहाचे दर्शन आणि दप्तर

२६ नोव्हेंबर २०१९ रोजी, संविधानदिनीच, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील सत्तापेचासंबंधी जो अंतरिम आदेश दिला, त्यात चार गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या होत्या : हंगामी अध्यक्ष तत्काळ नेमावा, दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी सर्व निर्वाचित सदस्यांचा शपथविधी पुरा करावा, त्यानंतर लगोलग बहुमताची चाचणी गुप्त मतदानाने न घेता उघड घ्यावी, आणि या कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे. ती चाचणी त्या स्वरूपात झालीच नाही, कारण आदेशाच्या दिवशीच देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सदस्यांची शिरगणती झाली, ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली, चार सदस्य तटस्थ राहिले आणि भारतीय जनता पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर गेले. त्यानंतर अडीच वर्षांनी, ४ जुलै २०२२ रोजी, एकनाथ शिंदे यांच्या सरकारने १६४ विरुद्ध ९९ मतांनी सभागृहाचा विश्वास संपादन केला. एकेक सदस्य उभा राहतो आहे, मोजला जातो आहे, हे दृश्य दोन्ही वेळा महाराष्ट्राने घरी बसून, चालत्या एस.टी.त आणि दुकानाच्या गल्ल्यावर हातातल्या पडद्यावर पाहिले.

त्या आदेशातील शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील तशाच पेचात हंगामी अध्यक्षांच्या नेमणुकीवर आक्षेप निघाला, तेव्हाही पारदर्शकतेचा उपाय म्हणून न्यायालयाने थेट प्रक्षेपणावरच भिस्त ठेवली होती. कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, हा संविधानाच्या २१२व्या अनुच्छेदाचा दंडक आहे. तेव्हा जेथे न्यायासनाचा हात सहसा पोहोचत नाही तेथे प्रजेची दृष्टी तरी पोहोचावी, असा विचार या कलमामागे आहे आणि त्याचा अर्थ एका दिवसाच्या चाचणीपुरता आटोपत नाही. सरकारे पडण्याचे आणि तरण्याचे दिवस विरळ असतात. विधिमंडळाचा खरा संसार इतर दिवशी चालतो : तारांकित प्रश्नांत, लक्षवेधी सूचनांत, पुरवणी मागण्यांत, रात्री उशिरापर्यंत लांबलेल्या चर्चांत. तो संसार आता यूट्यूबवर कोणालाही पाहता येतो. आणि तरीही तो पाहिल्याने नागरिकाच्या हाती नेमके काय येते, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

*

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मोजके एतद्देशीय सदस्य तेथे होते आणि तेही सरकारने नेमलेले. १९०१ साली जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक पुण्यास चर्चेला आले, फिरोजशहा मेहता आणि त्यांच्यासमवेत गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती सदस्य निषेधार्थ सभागृहाबाहेर पडले, आणि ज्यांच्या जमिनींचा तो प्रश्न होता त्या कुणब्यांपर्यंत ती वार्ता पोहोचली असेल तर ती वृत्तपत्र वाचून दाखविणाऱ्या एखाद्या गावकऱ्याच्या मुखातून. १० जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कोकणातील हजारो कुळांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. खोतीपद्धती नष्ट करण्याचे बाबासाहेबांचे विधेयक त्याच सभागृहात आदल्या सप्टेंबरात मांडलेले होते; पण ज्यांच्या माथ्यावरचे जू उतरविण्यासाठी ते विधेयक होते, त्यांना भिंतीच्या अलीकडे उभे राहूनच आपली मागणी उच्चारावी लागली. त्यांच्या शिष्टमंडळाने प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांची भेट घेतली. सभागृहात काय चालते हे डोळ्यांनी पाहण्याचा मार्ग त्या कुळांना नव्हता.

स्वातंत्र्यानंतर प्रेक्षक दीर्घा सर्वांना खुली झाली खरी, पण तिचीही एक सरहद्द होती. सदस्याची शिफारस, प्रवेशपत्रिका, सुरक्षारक्षकांची तपासणी आणि त्याआधी मुंबईचा किंवा, डिसेंबरात, नागपूरचा प्रवास. भामरागडच्या माणसाला पावसाळी अधिवेशन पाहावयाचे तर राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाणे आले. चंदगडच्या माणसाला हिवाळी अधिवेशनासाठी तीच यातायात. १७ जुलै २०२५ रोजी विधानभवनाच्या आवारात दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाल्यानंतर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अधिवेशनकाळात सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय साहाय्यक आणि शासकीय अधिकारी यांनाच प्रवेश राहील असे जाहीर केले. त्या प्रसंगाची लज्जास्पदता लक्षात घेता अशा निर्बंधाचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की सामान्य नागरिकाची प्रेक्षक दीर्घा म्हणून आता मुख्यत्वे पडदाच उरतो. आणि जी वस्तू काल सोय होती ती आज हक्काच्या कोटीत जाते.

*

विधानसभेचा एखादा सर्वसाधारण दिवस आरंभापासून तहकुबीपर्यंत पाहावा, तो मधूनमधून डोकावून पाहू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. सकाळी, पुष्कळदा मुख्य बैठकीच्याही आधी भरलेल्या विशेष बैठकीत, लक्षवेधी सूचनांना प्रारंभ होतो. अकराच्या सुमारास प्रश्नोत्तरांचा तास. मग पटलावर कागदपत्रे ठेवणे, औचित्याचे मुद्दे, स्थगन प्रस्तावाच्या सूचनांवरील अध्यक्षांचा निर्णय, विधेयकांचे पुरःस्थापन, आणि दुपार कलल्यावर २९३व्या नियमाखालील चर्चा किंवा अर्थसंकल्पीय मागण्या. विधान परिषदेत अशीच चर्चा २६०व्या नियमाखाली होते. सायंकाळ झाली की बाके विरळ होऊ लागतात. २८८ सदस्यांच्या विधानसभेची गणपूर्ती २९ सदस्यांनी आणि ७८ सदस्यांच्या परिषदेची १० सदस्यांनी होते, हे संविधानातील आकडे. पडद्यावर त्या आकड्यांना रिकाम्या आसनांचे प्रत्यक्ष रूप मिळते. तथापि याच विरळ वेळी काही उत्तम भाषणे होतात, हेही पाहणाऱ्याला कळते. दूरच्या मतदारसंघातला एखादा सदस्य तालिका अध्यक्षांकडे आणखी दोन मिनिटे मागून आपल्या भागातील ग्रामीण रुग्णालयाची रिक्त पदे, अर्धवट राहिलेला कालवा, खचलेला साकव यांची कैफियत मांडतो, आणि अधिकारी दीर्घेतून चिठ्ठी येऊन मंत्र्यांच्या हाती पडते. वृत्तवाहिन्यांवर त्यातले काही येत नाही. सभागृहाबद्दल ज्याचे मत केवळ गोंधळाच्या बातम्यांवर बनले आहे, त्याने ही वेळ अवश्य पाहावी.

पण पाहू लागताच एक अडचण ध्यानात येते. अध्यक्ष प्रश्नाचा क्रमांक पुकारतात, मंत्री उठून उत्तर छापील यादीत दिल्याचे सांगतात, आणि सदस्य थेट उपप्रश्नाला हात घालतो. मूळ प्रश्न कोणता होता, त्याचे लेखी उत्तर काय होते, हे पडद्यापुढे बसलेल्याला ऐकूच येत नाही. तारांकित प्रश्नाची रचना तर विधिमंडळाच्या खास शिरस्त्याची : अमुक तालुक्यात अमुक गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. त्यावर ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढीच उत्तरे कधी येतात, आणि सदस्याचा सारा उपप्रश्न त्या ‘अंशतः’वर उभा असतो. लक्षवेधीचेही तसेच. मंत्र्यांचे निवेदन सदस्यांना छापून आधी वाटलेले असते, सभागृहात त्याच्या पुढची चर्चा होते. ज्याच्यापाशी ते निवेदन नाही त्याला संवादाचा उत्तरार्ध तेवढा ऐकू येतो. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात; त्या उघडून, क्रमांक जुळवून, एका बाजूला यादी आणि दुसऱ्या बाजूला चित्र ठेवून पाहिले म्हणजे तीच चर्चा एकाएकी अर्थपूर्ण होते. हा खटाटोप करण्यास जिद्द लागते, आणि ती सर्वांपाशी असावी अशी अपेक्षा लोकशाहीने करू नये.

विधेयकांच्या बाबतीत हे न्यून अधिक जाणवते. मंत्री विधेयकाचा क्रमांक उच्चारतात, अध्यक्ष खंडांची संख्या वाचून ते विधेयकाचा भाग व्हावेत काय असे विचारतात, ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’, ‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे’, आणि प्रस्ताव संमत झाल्याची घोषणा होते. काही विधेयके अशा रीतीने थोडक्या मिनिटांत कायदा होण्याच्या वाटेवर लागतात. आवाजी मतदानात कोण होय म्हणाले आणि कोण गप्प राहिले याची नावनिशीवार नोंद राहत नाही. ती मतविभागणी मागितली तरच राहते. कॅमेरा येथे उपयोगाचा नाही. त्याला स्वर ऐकू येतो, स्वर कोणाचा हे सांगता येत नाही.

*

असे असूनही ज्यांचा प्रश्न सभागृहात येणार असतो ते लोक ही सर्व कसरत करतात, आणि ज्या निष्ठेने करतात तिच्याविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षक घ्या. परिषदेत शिक्षकांचे सात आणि पदवीधरांचे सात प्रतिनिधी असतात. वाढीव टप्प्याचा, सेवासंरक्षणाचा, थकलेल्या वेतनाचा प्रश्न कोणत्या दिवशी कितव्या क्रमांकावर आहे हे कामकाजपत्रिका हाती येताच शिक्षकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर फिरू लागते. स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, अंगणवाडी सेविका, कंत्राटी आरोग्य कर्मचारी, जुनी निवृत्तिवेतन योजना मागणारे शासकीय सेवक यांचेही तसेच. मार्च २०२३ मध्ये अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू असतानाच शासकीय कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्याच महिन्यात दिंडोरीहून निघालेला किसान सभेचा मोर्चा ठाणे जिल्ह्यात वासिंदपर्यंत येऊन थांबला, मुख्यमंत्र्यांनी मागण्यांविषयी सभागृहात निवेदन केले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, मोर्चा मागे घेण्यात आला. बंद दाराआडच्या वचनापेक्षा सभागृहात उच्चारलेल्या वचनाचे मोल अधिक, हे त्या चालून आलेल्या शेतकऱ्यांना पक्के ठाऊक होते. सभागृहातला शब्द नोंदला जातो आणि तो नाकारता येत नाही.

ज्यांना या सभागृहासाठी मतच देता येत नाही असेही काही प्रेक्षक आहेत. २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्नाटक विधिमंडळाने सीमाप्रश्नावर ठराव केला, तो बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. पाचच दिवसांनी, २७ डिसेंबरला, नागपुरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह ८६५ गावांविषयीचा ठराव एकमताने संमत केला. त्या गावांतला मराठी माणूस आपल्या नावाने चाललेल्या दोन विधिमंडळांच्या चर्चा एकाच आठवड्यात ऐकू शकला : एक आपल्या शहरातली, दुसरी शेकडो कोसांवरची. त्याच्या पिढ्यांनी ठराव वर्तमानपत्रात वाचले, पण ठरावावर कोण किती कळकळीने बोलले आणि कोणी केवळ उपचार पाळला हे वाचून कळत नसते. दोडामार्गातील शेतकऱ्याचेही थोडे असेच आहे. तिलारी प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांचा संयुक्त. तेव्हा आपल्या शेजारच्या कालव्याचे पाणी मुंबईत बोलले जाते आणि पर्वरीतील चाळीस सदस्यांच्या सभागृहातही बोलले जाते, तिथे कोकणी, मराठी व इंग्रजी या तीनही भाषांतून. त्याला दोन्ही ऐकणे आवश्यक आहे, आणि आता ते शक्य आहे.

*

परंतु बहुसंख्य लोक सभागृह पाहतात ते सलग नव्हे, तुकड्यांनी. दुपारी भाषण होते आणि संध्याकाळच्या आत त्यातला पाऊण मिनिटाचा भाग, वर मोठ्या अक्षरांतला मथळा, खाली सदस्याचे नाव व पक्षचिन्ह, पार्श्वभूमीला चढे संगीत, अशा सजावटीने फेसबुकवर, एक्सवर आणि व्हॉट्सॲपवर येतो. सदस्याने आपले काम मतदाराला दाखवावे यात गैर काही नाही. पूर्वी तो कार्यअहवाल छापीत असे. गैर आहे ते इतकेच की तुकड्यात प्रश्न येतो आणि उत्तर गळते. सदस्याचा आवेश मतदारसंघात पोहोचतो, मंत्र्यांनी दिलेली माहिती, मान्य केलेली त्रुटी किंवा फेटाळलेला आरोप मागे राहतो. आणि विरुद्ध पक्षाच्या तुकड्यात नेमके याच्या उलट घडते. परिणामी एकाच गावातील दोन माणसे एकाच चर्चेचे दोन परस्परांना न भेटणारे अंश पाहून वाद घालतात. शिवाय तुकडा कसा कापला जाणार हे ठाऊक असलेला सदस्य हळूहळू तुकड्यासाठीच बोलू लागतो. त्याची नजर अध्यक्षांकडून कॅमेऱ्याकडे वळते, युक्तिवादाची साखळी सोडून तो सुट्या घोषणांवर येतो. ही हानी सावकाश होते, म्हणून ती अधिक गंभीर.

यात कायद्याचाही एक जुना पेच नव्याने उभा राहतो. ३० मे १९५७ रोजी बिहार विधानसभेत एका सदस्याचे भाषण झाले, अध्यक्षांनी त्यातील काही भाग कामकाजातून काढून टाकला, आणि पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ पत्राने दुसऱ्या दिवशी तो भागही छापला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५८ च्या निकालात न्यायालयाने सभागृहाचा विशेषाधिकार उचलून धरला. त्या काळी काढून टाकणे आणि छापणे यांत एक रात्र असे. संपादकाला विचार करण्यास अवधी होता. आज अध्यक्ष ‘तो शब्द तपासून काढून टाकण्यात येईल’ असे म्हणतात त्या क्षणी तो शब्द थेट प्रक्षेपणातून सर्वत्र गेलेला असतो, कोणी त्याचा तुकडा करूनही मोकळा झालेला असतो. अधिकृत अहवालात जो शब्द नाही तो लोकांच्या दूरध्वनीत कायम राहतो. आणि ज्याने तो पुढे पाठविला त्या नागरिकाची कायद्यातील स्थिती काय? फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने १९५६ साली संसदेच्या वृत्तांतास संरक्षण देणारा कायदा झाला, आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ मध्ये पुन्हा आला, आणि ४४व्या घटनादुरुस्तीने ३६१-क हा अनुच्छेद घालून राज्य विधिमंडळांच्या वृत्तांतालाही तसे कवच दिले. हे कवच वस्तुतः सत्य अशा वृत्तांताला आहे, दुष्ट हेतू नसेल तर आहे. पण ते लिहिले गेले वृत्तपत्र आणि नभोवाणी डोळ्यांसमोर ठेवून. सभागृहाच्या अधिकाराने झालेले प्रकाशन १९४व्या अनुच्छेदाने सुरक्षित आहे. खासगी नागरिकाने स्वतः कापून प्रसृत केलेल्या चित्रफितीचा उल्लेख या दोन्ही ठिकाणी नाही. जो प्रामाणिकपणे आपल्या आमदाराचे भाषण शेजाऱ्याला पाठवितो त्याला आपण कायद्याच्या कोणत्या बाजूस उभे आहोत हे स्वच्छ सांगण्याची जबाबदारी संसदेची आहे, आणि ती तिने फार काळ पुढे ढकलू नये.

*

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनाचे उदाहरण या साऱ्या विवेचनाच्या दृष्टीने बोधक आहे. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे परिषदेत बसलेले असताना त्यांच्या दूरध्वनीवर पत्त्यांचा खेळ दिसत असल्याची एक चित्रफीत २० जुलैला आमदार रोहित पवार यांनी समाजमाध्यमावर प्रसृत केली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले ते बंद करीत होतो, असा खुलासा मंत्र्यांनी केला. सभागृहात चित्रण कोणी केले याची चौकशी सुरू झाली. आणि महिनाअखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. काही क्षणांच्या त्या फितीने खातेबदलापर्यंत मजल मारली, हे दृश्याचे सामर्थ्य कोणी नाकारू नये.

पण त्याच अधिवेशनात, १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला परिषदेने, विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. नागरिकाच्या स्वातंत्र्याशी निगडित असलेले, संघटना बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार शासनास देणारे ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले होते. लोकांकडून त्यावर १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. विधानसभेत ते आवाजी मतदानाने संमत झाले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी विरोध नोंदविला. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. ही चर्चा पडद्यावर उपलब्ध होती. परंतु मसुद्यातील कोणते शब्द समितीने का बदलले, कोणत्या हरकती ग्राह्य धरल्या, कोणत्या सोडून दिल्या, हा खरा विचारविनिमय ज्या खोलीत झाला तेथे कॅमेरा नव्हता. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती यांचे काम तर सभागृहाच्या कामाहून कित्येकदा अधिक सखोल असते. सचिवांना समोर बसवून हिशेब विचारला जातो तो तेथे. साक्ष देणाऱ्याला निर्भयपणे बोलता यावे म्हणून एकांत आवश्यक असतो, हे कारण मला मान्य आहे. मात्र प्रत्येक बैठक, प्रत्येक विषय त्या कारणात बसत नाही. बारा हजार लोकांनी ज्या मसुद्यावर लेखी हरकती पाठविल्या, त्या हरकतींवरील चर्चा त्या लोकांना ऐकू यावयास हवी होती.

*

इतर राज्यांनी काही पावले टाकली आहेत. हिमाचल प्रदेशाची विधानसभा २०१४ मध्ये कागदाविना चालणारी देशातील पहिली विधानसभा ठरली. नागालँडने २०२२ मध्ये राष्ट्रीय ई-विधान प्रणाली पूर्णपणे अमलात आणली. केरळ विधानसभेने ऑगस्ट २०२० मध्ये ‘सभा टी.व्ही.’ ही स्वतःची वाहिनी काढली. उलट, ऑक्टोबर २०१९ मध्ये कर्नाटकात खासगी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना सभागृहात मज्जाव करण्यात आला आणि अधिकृत चित्रणावरच त्यांना विसंबावे लागले. कॅमेरा कोणाच्या हाती असावा हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. संसदेत गोंधळाच्या वेळी चित्र पीठासीन अधिकाऱ्यांवर स्थिर ठेवण्याचा प्रघात आहे. शिस्तीच्या दृष्टीने त्याचे समर्थन होईल, पण आपला प्रतिनिधी त्या वेळी आसनावर होता की अध्यक्षांसमोर उतरला होता, हे जाणण्याचा मतदाराचा अधिकार त्यात बुडतो.

महाराष्ट्रापाशी एक संपदा अशी आहे की जिचा अभिमान बाळगावा : मराठीतून चाललेल्या कामकाजाचे अनेक दशकांचे वृत्तांत. वि. स. पागे १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमीची कल्पना त्यांचीच. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख, एन. डी. पाटील, मृणाल गोरे यांची भाषणे चित्रात फारशी नाहीत, पण अक्षरात आहेत. प्रतिवेदक आळीपाळीने आत येऊन लघुलिपीत प्रत्येक शब्द टिपतात आणि त्यातून दिवसाचा वृत्तांत सिद्ध होतो. मात्र त्याच्या कच्च्या प्रतीच्या माथ्यावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असे छापलेले असते. जे बोलणे लक्षावधी लोकांना त्याच क्षणी पाहता आले, त्याचा लिखित वृत्तांत मात्र अप्रसिद्ध, अशी ही स्थिती. शब्द तपासून दुरुस्त करण्यास मुदत हवी हे खरे; ती मुदत ठरलेली असावी आणि ती संपताच मजकूर शब्दानुसार शोधता येईल अशा रूपात सर्वांना मिळावा. छापील पृष्ठाच्या छायाचित्रात गावाचे नाव शोधता येत नाही.

माझ्या मते या साऱ्याची किल्ली आश्वासनांत आहे. मंत्री सभागृहात जे देतात, चौकशी करू, बैठक लावू, महिन्याभरात अहवाल मागवू, त्याची नोंद घेऊन पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. ही समिती निष्ठेने काम करते. पण तिच्यापुढील आश्वासने कोणती, कोणत्या दिवशी कोणत्या प्रश्नावर दिलेली, कोणती पुरी झाली, हे त्या गावाला सहजासहजी कळत नाही. ग्रामसभेत किंवा तहसील कार्यालयात एखाद्याला आपल्या आमदाराचा प्रश्न आणि मंत्र्यांचे उत्तर एकत्र, तारखेनिशी आणि मूळ चित्रासह दाखविता आले, तर तोच दस्तऐवज होतो, आणि अधिकाऱ्याला त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते. आज त्यासाठी त्याला कित्येक तासांची अखंड चित्रफीत मागेपुढे सरकवीत बसावे लागते, आणि हव्या त्या चार मिनिटांपर्यंत पोहोचण्याआधी बहुतेकांचा धीर सुटतो. कोणता प्रश्न किती वाजून किती मिनिटांनी पुकारला गेला, लक्षवेधी केव्हा सुरू झाली व केव्हा संपली, सदस्य केव्हा उठला, ही वेळ सचिवांच्या टेबलाजवळ बसलेल्यांना आणि प्रतिवेदकांना त्या त्या क्षणी ठाऊक असते. ती कामकाजपत्रिकेतील प्रत्येक बाबीसमोर नोंदवून, त्याच ओळीत छापील निवेदन, लेखी उत्तर आणि चित्रफितीतील ते ठिकाण जोडून, दिवस संपताच संकेतस्थळावर ठेवण्यासाठी नवा कायदा लागत नाही, फार मोठा खर्चही लागत नाही. अध्यक्ष आणि सभापती यांच्या एका निदेशाने ते येत्या अधिवेशनापासून सुरू होऊ शकते.